माळ्यावरची जुनी टीव्ही गेम: फुंकून फुंकून थकलो, तरी चित्र फुटकंच. काय करावं?

आधी फुंकणं थांबवा. फुंकरीने कॅसेट कधीच चालली नाही. चालायची ती काढून पुन्हा घातल्यामुळे: कॅसेटच्या तळाच्या धातूच्या पट्ट्या मशीनच्या पिनांवर घासल्या जायच्या, एखादी अडलेली पिन जागेवर यायची आणि श्रेय फुंकरीला मिळायचं. तोंडातल्या वाफेने पट्ट्यांवर गंज तेवढा चढतो, आणि ठाण्या-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत तो चढायला फार मदत लागत नाही.

दुसरं, यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ पाहून '७२ पिनांचा कनेक्टर' शोधत फिरू नका. तो १९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेंडोच्या गेम मशीनचा. त्यात कॅसेट पुढून आडवी सरकवून खाली दाबायची, आणि आत एक लॉकआउट चिप, म्हणजे कॅसेट अस्सल आहे का ते तपासणारी चिप, असायची. तिचा कॅसेटमधल्या चिपशी संपर्क तुटला की मशीन साधारण सेकंदाला एकदा रीसेट व्हायचं. आपल्या घरोघरी आली ती फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेंडोच्याच १९८३ च्या जपानी मशीनची नक्कल. कॅसेट वरून उभी, ६० पिना, लॉकआउट चिप नाहीच. त्यामुळे दुखणंही वेगळं.

तुम्ही लिहिलंय की आवाज बरोबर येतो, पण चित्रात चौकोन-चौकोन आणि भलतीच अक्षरं दिसतात. हे चांगलं लक्षण आहे. या कॅसेटमध्ये प्रोग्रॅमच्या आणि चित्रांच्या डेटाचे मार्ग वेगवेगळे असतात. आवाज ठीक आणि चित्र फुटकं, म्हणजे प्रोसेसर चालू आहे, चित्रांच्या बाजूच्या एक-दोन पिना लागत नाहीत. काहीच सुरू होत नसतं तर प्रोग्रॅमच्या बाजूला किंवा थेट मशीनच्या पाच व्होल्टच्या पुरवठ्याकडे पाहावं लागलं असतं.

आता करायचं ते. कॅसेट उघडा, आतली सर्किटची प्लेट बाहेर काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातले बड्स घ्या. पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं नाही. बड काळा येईल, बदलत राहा. पांढरा येईपर्यंत पुसायचं. डाग हट्टी असेल तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका आणि पुन्हा अल्कोहोल. मशीनच्या स्लॉटसाठी, म्हणजे कॅसेट बसते त्या खाचेसाठी, जुन्या एटीएम कार्डाला सुती कापडाची एकच घडी गुंडाळा, अल्कोहोलने ओली करा आणि चार-सहा वेळा आत-बाहेर करा. घडी जाड झाली तर पिना कायमच्या फाकतात.

पॉलिश पेपर मात्र हातात धरू नका. ऐरोलीहून एक मशीन दुरुस्तीला आलं होतं, तक्रार तुमचीच. आधीच्या मेकॅनिकने कॅसेटच्या पट्ट्या घासून चकचकीत केल्या होत्या. दोन आठवडे मस्त चालली, मग पूर्ण बंद. भिंगाखाली पाहिलं तर सोन्याचा थर गायब, खालचं तांबं गुलाबी उघडं आणि कडेला हिरवी बुरशी धरल्यासारखं. तो थर मुळातच नावापुरता असतो. तांब्यावर कथलाचा पातळ हात देऊन सोल्डर विकने (वितळलेलं कथील शोषणारी तांब्याची जाळी) जादाचं ओढून घ्यावं लागलं. जराही जाड राहिला असता तर स्लॉटच्या पिना वाकल्या असत्या. कॅसेट सुरू झाली, पण ही मलमपट्टीच. कथील झिजतं. त्याच मशीनच्या स्लॉटमध्ये दोन पिना आत दबल्या होत्या, त्या सुईच्या टोकाने शेजारच्या पिनांच्या रेषेत उचलल्या. 'एवढं कोण करत बसतं, पेपर मारा आणि द्या' म्हणणारे अजूनही आहेत. त्यांना एकच विचारा: मग तीच कॅसेट महिन्याभरात परत का येते?

सोल्डरिंगचं सामान आणि सुटे भाग ठाण्यात मिळाले नाहीत तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड आहेच. '९९९९ इन १' वाल्या कॅसेटवर एवढी मेहनत घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. आत मोजकेच गेम असतात, बाकी तेच वेगवेगळ्या नावांनी.

गेमसोबतच्या बदकं मारायच्या बंदुकीचं: ती एलईडी टीव्हीवर चालणार नाही. ट्रिगर दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते उशिरा दाखवतो, तोवर गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं. जुना काचेच्या ट्यूबचा डब्बा टीव्ही आणा.

हो, आणि कॅसेट घालण्याआधी अडॅप्टर तपासा. हे खरं तर वर लिहायला हवं होतं. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अडॅप्टर लोड नसताना मल्टिमीटरवर १२-१३ दाखवतो, घाबरू नका. पण पिनेची प्लस-मायनस मशीनवरच्या खुणेशी जुळवून पाहा, कुठल्या मशीनला मधली पिन मायनस असते, कुठल्याला प्लस. मग आतल्या ७८०५ रेग्युलेटरच्या (अडॅप्टरचे व्होल्ट पाचवर आणणारा तीन पायांचा भाग) मधल्या आणि तिसऱ्या पायात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. जास्त दिसले तर कॅसेट लावूच नका, आधी ७८०५ बदला.