वाचकांचे प्रश्न : बंद घड्याळ आणि एक मिनिट

प्रश्न : माझे वडील मांडवीजवळ घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवतात. त्यांच्या कामावर मी आतापर्यंत वीस-बावीस छोटे व्हिडिओ केले. आधी मांडवीचा दरवाजा, मग दुकानाची पाटी, ‘नमस्कार मंडळी’ असे निवेदन आणि त्यानंतर दुरुस्तीची माहिती, असा क्रम असतो. चित्रीकरण स्वच्छ आहे, तरीही बहुतेक प्रेक्षक चार-पाच सेकंदांतच पुढे सरकतात. माझे कोठे चुकते?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आपण पाठवलेले तिन्ही व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले. त्यांतल्या एकात बेचाळिसाव्या सेकंदाला आपले वडील डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसकमान, म्हणजे घड्याळातली केसासारखी बारीक कमान, जागेवर बसवतात, हात मागे घेतात आणि श्वास रोखून थांबतात. क्षणभराने घड्याळाची गती सांभाळणारे बॅलन्सचे चाक डोलू लागते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. ते पाहताना मला भरून आले. आपली गोष्ट तीच आहे, परंतु तिच्याआधीच्या एकेचाळीस सेकंदांत पडद्यावर काहीच बदलत नसल्यामुळे ती सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षक उठून गेलेला असतो.

सुरुवातीची स्थिती शेवटी तशीच उरली नाही, म्हणजे गोष्ट झाली, असे मी मानतो. घड्याळ बंद होते, ते चालू झाले. आणि मधल्या वेळात ते चालू होईल की नाही, ही धाकधूक पाहणाऱ्याला लागली पाहिजे. म्हणून पहिल्या दृश्यात गिऱ्हाइकाच्या तळहातावरचे बंद घड्याळ अगदी जवळून दाखवा, आणि त्यांची परवानगी असेल तर त्यांच्याच तोंडचे एखादे वाक्य ठेवा : ‘आजोबांचं आहे हो, चालेल का?’ त्याआधी पाटी नको, नमस्कारही नको. मांडवीचा दरवाजा गिऱ्हाइकाच्या पाठीमागे दुकानाच्या दारातून दिसला, तरी जागा कळते.

कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतात आणि आख्यान उत्तररंगात लावतात, कारण देवळातला श्रोता मांडी घालून, वेळ काढून बसलेला असतो. मोबाइलवरच्या श्रोत्याने अजून बैठक मारलेली नसते. त्याच्यापुढे आख्यानच आधी उभे करावे आणि केसकमान म्हणजे काय, ती कशाने बिघडते, हे निरूपण वडिलांचे हात चालू असताना दोन वाक्यांत सांगावे. मात्र ‘शेवट पाहून थक्क व्हाल’ अशी हाळी देऊन माणसांना थांबवण्याचा मोह टाळा. असा प्रेक्षक एकदा फसला की पुढच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाही.

या बाबतीत बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 1912 साली चित्रपटासाठी भांडवल उभे करायचे असताना त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, महिन्याहून अधिक काळ त्यांच्यावर कॅमेरा रोखून ठेवला आणि बीजाला अंकुर फुटून त्याचा वेल होताना दाखवणारी, मिनिटभराहून थोडी मोठी फिल्म तयार केली. ती पाहिल्यावर कर्ज देणारी माणसे पुढे आली. कॅमेरा जागचा हलला नव्हता आणि निवेदनाचा तर प्रश्नच नव्हता, कारण तो मूकपटांचा काळ होता. तरीही पाहणाऱ्याला पुढे काय उगवते याची उत्सुकता लागली, याचा आपण अवश्य विचार करावा.

आता आवाजाविषयी. अनेक जण बसमध्ये किंवा कचेरीत आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेले शब्द पडद्यावरही हवेत. एका वेळी पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नकोत. 9:16 या उभ्या चौकटीत खालच्या आणि उजव्या कडेला ॲपची नावे व बटणे येतात, त्यामुळे वडिलांची बोटे आणि मजकूर मधल्या भागातच ठेवा. ज्यांचा आवाज चालू आहे त्यांच्यासाठी शेवटची टिकटिक ही आपली सर्वांत मोठी पुंजी आहे. सध्या तिच्यावर आपण एक चालू गाणे घातले आहे, ते कृपया काढून टाका.

प्रश्न : आम्ही बडोद्यातले मराठी. व्हिडिओत मराठी बोलावे की गुजराती?
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार

उत्तर : ज्या माणसाची गोष्ट आहे, त्याने ज्या भाषेत विचार केला ती भाषा ठेवा आणि दुसरी पडद्यावर लिहा. आपल्या घरांतल्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात, ते पुण्याच्या प्रेक्षकासाठी गाळू नका. त्या शब्दांवरूनच आपले गाव ओळखू येते. स्वयंपाकघरात सासूबाई जशा बोलतात, तशाच त्या कॅमेऱ्यापुढे बोलू द्या, आणि पाठ केलेली वाक्ये त्यांना देऊ नका.

प्रश्न : यूट्यूब शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात. लांबी वाढवावी का?
— एक विद्यार्थी, बडोदे

उत्तर : 15 ऑक्टोबर 2024 पासून ही मर्यादा साठ सेकंदांवरून तीन मिनिटांवर गेली हे खरे, पण गोष्टीत दुसरे वळण नसेल, तर वाढवलेला वेळ नुसता लांबण ठरतो. शिवाय 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्स नुसता सुरू झाला तरी त्याचा व्ह्यू मोजला जातो, त्यामुळे वाढलेल्या आकड्यावरून आपले काम लोकांनी पाहिले असे समजू नये. यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक किती वेळ टिकले हे दाखवणारा आलेख उघडा, रेषा जेथे एकदम खाली येते तो सेकंद लिहून घ्या आणि तेवढाच भाग, ज्याने व्हिडिओ पाहिलेला नाही अशा घरातल्या माणसाला दाखवा. पडद्याकडे न पाहता त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहा, आणि त्याची नजर जेथे ढळेल त्याच्या आधीच कात्री लावा.