बायकांवर कर नव्हताच, तर १९२९ साली नायजेरियातल्या बायका उठल्या कशासाठी?

तुमचा प्रश्न असा आहे की, आग्नेय नायजेरियातल्या इग्बो बायकांनी १९२९ मध्ये इंग्रजांच्या कराविरुद्ध बंड केलं असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण कर तर फक्त पुरुषांवर होता. मग हा अफवेतून उसळलेला दंगा म्हणायचा का? त्या वेळच्या बऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यांचं मत हेच होतं. मला ते पटत नाही.

आधी ही 'अफवा' बघू. १९२६ च्या सुमारास त्या भागात पुरुषांची शिरगणती झाली. लोकांनी विचारलं, तर सांगण्यात आलं की नुसती मोजदाद आहे, कराशी काही संबंध नाही. १९२८ मध्ये त्याच याद्यांवरून कर वसूल झाला. १९२९ मध्ये बेंडे भागात आलेल्या नव्या अधिकाऱ्याला त्या याद्या अपुऱ्या वाटल्या. त्याने हुकूम काढला की घरातल्या बायका, मुलं, शेळ्यामेंढ्या, सगळ्याची नोंद करा. याही वेळी खुलासा तोच : कराशी संबंध नाही. दुधाने तोंड पोळलेल्या लोकांनी ताक फुंकून प्यायलं, तर त्याला अफवा कशी म्हणणार? शिवाय पश्चिमेकडे, योरुबा मुलखातल्या अबेओकुटात, १९१८ पासून बायकांकडून वेगळा कर घेतला जातच होता.

नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात मोजणीसाठी एक शिक्षक घरोघर फिरत होता. न्वानयेरुवा नावाची विधवा पामची फळं पिळून तेल काढत बसली होती. त्याने तिला शेळ्या, मेंढ्या आणि घरातली माणसं मोजून सांगायला सांगितलं. तिने उलट विचारलं की, तुझी आई मोजली होती का कुणी? शब्दाने शब्द वाढला, दोघं एकमेकांच्या गळ्याला भिडली. योगायोग असा की, अशी मोजणी झालीच तर काय करायचं यावर गावातल्या बायकांची बैठक आधीच चालू होती. न्वानयेरुवा थेट तिथे गेली. बैठकीतून आसपासच्या गावांना पामच्या झावळ्या गेल्या. झावळी पोचली म्हणजे निघायचं, हा संकेत होता. ही मोजणी ओलोकोचा प्रमुख ओकुगो याच्या हुकमावरून चालली होती. काही दिवसांत हजारो बायका त्याच्या दाराशी जमल्या.

तिथे त्यांनी जे केलं ते इंग्रजांना नवीन होतं, बायकांना नव्हतं. एखाद्या पुरुषाने बायकोला मारहाण केली, बाजाराचा नियम मोडला, किंवा त्याची गुरं बायकांच्या शेतात शिरली, तर गावातल्या सगळ्या बायका त्याच्या अंगणात ठाण मांडत. रात्र-रात्र नाच, त्याची अब्रू काढणारी गाणी, याम नावाचा कंद कुटायच्या मुसळांनी त्याच्या घराच्या भिंतींवर ठोकाठोक. प्रकरण फारच वाढलं तर घरही पाडत. तो शरण येईपर्यंत उठायचं नाही. यात दुसरे पुरुष मध्ये पडत नसत. बायकांच्या हातातली ती रीतसर शिक्षा होती.

आणि इतक्या गावांतून बायका निघाल्या कशा, याचं उत्तर मला लग्नाच्या पद्धतीत दिसतं. मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी जाते, पण माहेरच्या घराण्यातली तिची जागा सुटत नाही. माहेरवाशिणींचा वेगळा गट, गावात आलेल्या सुनांचा वेगळा. त्यावर बाजारांचं जाळं. म्हणजे प्रत्येक बाई निदान दोन गावांत आणि तीनचार बाजारांत ओळखीची. पुरुषांचं राजकारण बहुतेक आपापल्या गावापुरतं असायचं. बायकांचं मुळातच अनेक गावांत पसरलेलं होतं. इंग्रजांनी राज्य चालवायला माणसं शोधली ती फक्त पुरुषांत, त्यामुळे हे जाळं त्यांच्या नजरेलाच पडलं नाही.

आता ओकुगोसारखे लोक कोण होते? इग्बोंमध्ये बहुतेक ठिकाणी राजा नव्हताच. निर्णय गावसभेत होत. इंग्रजांना मात्र अमुक एका माणसाला जबाबदार धरायची सवय. म्हणून त्यांनी कुणाच्या तरी हातात नेमणुकीचा कागद दिला, टोपी दिली आणि म्हटलं, तू प्रमुख. हे 'वॉरंट चीफ'. इंग्रजांनी स्थानिक लोकांसाठी काढलेल्या 'नेटिव्ह कोर्टा'त न्याय करायलाही हेच बसत, सोबत लाचखाऊ कारकून आणि शिपाई. लोकांच्या शेळ्या उचलून नेणं, पुरेसं वधूमूल्य न देता मुली बायको म्हणून घेणं, असल्या तक्रारी नंतर चौकशीत ढिगाने आल्या. त्यातच पाम तेलाचे आणि पामच्या बियांतल्या गराचे भाव उतरलेले. त्या गराचा पैसा बायकांचा असे, आणि नवऱ्याचा कर भरायला घरातून पैसा निघायचा तो बऱ्याचदा तिच्याच गाठीतून. तेव्हा 'कर पुरुषांवर होता' हे वाक्य कागदावर बरोबर आहे, एवढंच.

ओलोकोच्या बायकांनी ओकुगोची टोपी मागितली. सरकारने घाबरून त्याच्यावर खटला भरला आणि दोन वर्षांची शिक्षा दिली. (वरून आलेला हुकूम पाळणाऱ्या माणसाचा बळी दिला, हेही खरं.) इथे सरकारचा हिशेब चुकला. मिटलं असं त्यांना वाटलं. बायकांना कळलं की वॉरंट चीफ उतरवता येतो. डिसेंबरमध्ये गावोगाव टोप्यांची मागणी सुरू झाली. तोंडाला काजळी फासलेल्या, डोक्याला पाला गुंडाळलेल्या, हातात झावळ्या बांधलेल्या काठ्या घेतलेल्या बायका कोर्टांवर चालून गेल्या आणि कितीतरी कोर्टं पाडली किंवा जाळली. आबा शहरात एका गोऱ्या माणसाच्या मोटारीखाली दोन बायका सापडल्यावर संतापलेल्या जमावाने युरोपीय कंपन्यांची दुकानं आणि बार्कलेज बँक फोडली. ओवेरी आणि कालाबार या दोन प्रांतांत सुमारे सहा हजार चौरस मैलांत हे पसरलं. त्यामुळे नुसत्या 'इग्बो बायका' म्हणणंही अपुरं आहे. इबिबिओ, अनांग, अंदोनी, ओपोबो या शेजारच्या समाजांतल्या बायकाही होत्या, आणि गोळीबारात सर्वाधिक मेल्या त्या त्यांच्याच भागात.

१६ डिसेंबरला ओपोबोला डिस्ट्रिक्ट ऑफिसरसमोर बायकांनी मागण्या लिहून घ्यायला लावल्या. बायकांवर कर नको, मालमत्तेची मोजणी नको, बाजारातल्या छपराचं भाडं नको, आणि पुरुषांवरही कर नको. गर्दी कुंपणाला रेटत होती. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, बायका मागे नदीत कोसळल्या. त्या एका ठिकाणी तीसहून जास्त गेल्या आणि सगळ्या उठावात मिळून पन्नासच्या वर. एकही गोरा माणूस मारला गेला नाही. साक्षी वाचताना मला सर्वांत जड गेलं ते हे की, सैनिक बायकांवर गोळ्या घालतील असं आमच्या मनातही आलं नव्हतं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगतात.

१९३० मध्ये चौकशी आयोग बसला, त्यात एकही बाई नव्हती. बायकांवर कर लागला नाही. १९३३ च्या सुमारास वॉरंट चीफांची पद्धत मोडीत काढून कोर्टात गावातल्या अनेक माणसांना बसवलं गेलं. बायकांना जागा मिळाली ती एखाद्-दुसऱ्या ठिकाणी. काही बायकांनी तर डिस्ट्रिक्ट ऑफिसरही बाईच नेमा अशी मागणी केली होती. ती कुणी विचारातही घेतली नाही. आणि अंगणात ठाण मांडायची त्यांची जुनी शिक्षा सरकारच्या लेखी कायदा हातात घेणं ठरली.

पुढचं वाचायचं असेल तर अबेओकुटाचं बघा. तिथे १९४७ मध्ये फुनमिलायो रॅन्सम-कुटी (गायक फेला कुटीची आई) यांच्या मागे बाजारकरणी बायका उभ्या राहिल्या, राजवाड्यासमोर ठिय्या दिला आणि जानेवारी १९४९ मध्ये तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. पुढच्या वर्षी तो परतही आला, पण ती वेगळी कथा आहे.