तक्तपोशीची घरे म्हणजे कोणती?

मराठी बायबलात हाग्गय संदेष्टा लोकांना खडसावतो: देवाचे मंदिर ओसाड पडले असताना तुम्ही तक्तपोशीच्या घरांत राहायची ही वेळ आहे काय? यातली 'तक्तपोशी' म्हणजे गादी-तक्क्यांची बैठक का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

बैठकीशी तिचा संबंध नाही. तक्तपोशी म्हणजे छताला केलेले फळ्यांचे काम. फारसी तख्ता म्हणजे फळी आणि पोश म्हणजे झाकणारे. पलंगपोस, मेजपोस यांतला पोस तोच. घोळ होतो तो हिंदीमुळे, कारण तिकडे तख्तपोश म्हणजे बसायची लाकडी चौकी. आपल्या जुन्या वाड्यात माजघरात उताणे पडून वर पाहिले की कड्यांवर बसवलेल्या फळ्या दिसतात, तो कडीपाट. तक्तपोशी त्याच घराण्यातली.

मूळ हिब्रू शब्द 'सफुनीम', म्हणजे फळ्यांनी आच्छादलेली. त्याच धातूवरून, म्हणजे शब्दाच्या मुळावरून, 'सफीना', म्हणजे जहाज. उर्दू गझलांतून आपल्या कानावर पडणारा सफीना याच गोतावळ्यातला. पण खरी गंमत पुढे आहे. शलमोन राजाने बांधलेल्या पहिल्या मंदिराचे छत गंधसरूच्या लाकडाने झाकले, तिथे हाच धातू येतो. यहोयाकीम राजाने अन्यायाने उभारलेल्या वाड्यावर यिर्मया संदेष्टा तुटून पडतो, तिथेही हाच. म्हणजे हाग्गयच्या श्रोत्यांना हा शब्द राजवाड्याचा आणि मंदिराचा म्हणून ठाऊक होता. साधे घर दगडामातीचे, वर तुळया, त्यांवर फांद्या आणि चिखलाचा थर. फळ्यांचे छत ही चैन होती.

आता प्रसंग पाहा. पहिले मंदिर पाडले गेले होते आणि यहुदी बाबेलला बंदिवासात होते. इराणच्या कोरेश राजाने इ.स.पू. ५३८ च्या सुमारास त्यांना परतायची मुभा दिली. नव्या मंदिराचा पाया पडला आणि काम थंडावले. इ.स.पू. ५२० मध्ये, इराणच्याच दारयावेश राजाच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, हाग्गय सुभेदार जरूब्बाबेल आणि मुख्य याजक, म्हणजे पुरोहित, यहोशवा यांच्यापुढे उभा राहतो, आणि लगेच सांगतो: डोंगरावर जा, लाकूड आणा, मंदिर बांधा. घराच्या छताला लाकूड मिळाले, मग देवाच्या छताला का नाही, हा त्यातला डंख! म्हणून नव्या भाषांतरांत 'आलिशान घरे', 'सजवलेली घरे' असे काही वाचले की मला हळहळ वाटते. श्रीमंती कळते, पण लाकूड निसटते.

तक्तपोशीने ते धरून ठेवले. तिलाही एक गोष्ट जमलेली नाही, आणि ती कुठल्याच मराठी शब्दाला जमणे कठीण. मंदिर 'हारेव', म्हणजे ओसाड. म्हणून देवाने शेतांवर, डोंगरांवर 'होरेव', म्हणजे अवर्षण आणले. हिब्रू लिपीत दोन्ही शब्दांची अक्षरे तीच.

आजच्या वाचकाला तक्तपोशी अडत असेल, तर 'फळ्यांच्या छताची घरे' म्हणावे.