आरोग्य-संवाद: भजनाला पुन्हा बसताना

प्रश्न: डॉक्टरताई, नमस्कार. कराड तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात बसायचो. दोन वर्षं फोनवरच हरिपाठ झाला. मंडळातल्या दोघी कोरोनात गेल्या. यंदा, २०२२ च्या गुढीपाडव्याला सरकारनं निर्बंध उठवले, म्हणून १० जुलैच्या आषाढीला जमायचं ठरवतोय. काहीजणी म्हणतात, आता कुठला कोरोना. काहीजणी देवळाची पायरी चढायला भितात. एकीला दमा आहे, पेटी वाजवणाऱ्या काकू सत्तरीपुढच्या आहेत. टाळ सॅनिटायझरनं पुसले आणि प्रसाद पाकिटातून दिला तर पुरेल का? लशीचं सर्टिफिकेट मागावं का? यावरून मंडळात अबोला आहे.
एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, जरूर जमा. दोन वर्षं माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या. यंदा वारी पायी निघतेय. तुम्हीही बसायलाच हवं.

पण टाळ पुसण्यात सगळी शक्ती घालवू नका. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, आणि मोकळ्या गळ्यानं गाताना तोंडातून बारीक थेंब बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त बाहेर पडतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा अडीच तास सराव झाला. दारात सॅनिटायझर होता, गळाभेटही टाळली होती. ६१ जणांत एकाला आधीपासून सर्दीसारखा त्रास होता. नंतर आणखी ५२ जण आजारी पडले, दोघं दगावले. तेव्हा लस नव्हती. आज धोका खूप कमी झालाय, पण हवेचा नियम तोच आहे.

म्हणून आधी देवळात एक उदबत्ती लावा आणि धूर कुठं जातो ते बघा. आपल्या जुन्या दगडी देवळांना बहुधा एकच दार असतं, गाभारा तर कोंदटच. धूर सभामंडपात घुटमळत असेल तर बैठक बाहेर पारावर नाहीतर ओसरीवर घ्या. दिवस पावसाचे आहेत, वर ताडपत्री लागेलच. बाजूच्या कनाती मात्र लावू नका. फार झोडपत असेल तर झड येते त्या एकाच बाजूला लावा. चारी बाजूंनी कनाती लावलेला मांडव म्हणजे बंद खोलीच!

आपण भजनाला समोरासमोर दोन रांगांत बसतो. यंदा सगळ्यांनी देवाकडे तोंड करून अर्धगोलात बसा, मध्ये हातभर जागा सोडून. दम्याच्या ताईंना जिकडून वारा येतो त्या कडेला बसवा. माईक असला तर गळा ताणावा लागत नाही, तेही बरं. पेटी, पखवाज वाजवणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना एन-९५ मास्क लावून बसता येतं. हरिपाठ, चार अभंग, आरती, एवढ्यावर पहिली बैठक आवरा.

बुक्का लावा, एकमेकींच्या पाया पडा, त्यात फार धोका नाही. तीर्थ-प्रसाद वाटणारीनं हात साबणानं धुवावेत, म्हणजे पाकिटाची गरज नाही. सॅनिटायझर मात्र निरांजनापासून लांब ठेवा. तो चोळलेले ओले हात कुणी आरतीवर धरले तर भाजेल.

देवळाच्या दारात सर्टिफिकेट मागू नका. ज्यांनी लस घेतली नसेल त्या अपमान होऊन घरी बसतील, आणि जपायचं तर त्यांनाच जास्त आहे. त्यापेक्षा आत्ताच घरोघरी विचारा. साठीपुढच्यांना दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने झाले असतील तर सरकारी केंद्रात बूस्टर मोफत, हा २०२२ चा नियम. एक रिक्षा करा आणि काकूंना सोबत घेऊन जा. एकटीनं जायचं म्हणून राहून जातं, हे मी आरोग्य केंद्रात रोज बघते.

ताप, खोकला, घसा दुखणं असेल त्या दिवशी घरी थांबायचं, हा नियम सगळ्यांना सारखा, अध्यक्षीणबाईंनासुद्धा. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर २०२२ च्या सरकारी नियमाप्रमाणे निदान सात दिवस, आणि शेवटचे तीन दिवस ताप नसावा. माणूस आजारी असतानाही येतो, कारण नैवेद्याची पाळी त्याची असते. म्हणून प्रत्येक कामाला दोघी नेमा. घरी राहिलेल्यांसाठी फोनवरचा हरिपाठ चालूच ठेवा, आणि 'भित्री' म्हणून कुणाला टोमणा मारू नका.

गेलेल्या दोघींच्या घरी आधी जाऊन या. त्या काळात कित्येकांना आपल्या माणसाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्यांच्या लेकीसुनांना विचारा, आईचा आवडीचा अभंग कोणता होता. त्यांची तयारी असेल तर भजनाची सुरुवात त्यानंच करा. रडू येईल, येऊ द्या. घाई करून पुढचा अभंग उचलू नका.

अबोल्याचं म्हणाल, तर हे सगळं ठरवायला एकदा पारावर बसा आणि ज्या भितात त्यांना आधी बोलू द्या. त्यांची एखादी अट जाचक वाटली तरी या वेळी मान्य करा. आषाढीची वाट न बघता आधीच्या योगिनी एकादशीला अर्धा तास बसून बघा. कुठं कोंदट होतं, कुणाला धाप लागते, ते त्या दिवशीच कळेल. आषाढीला गाव लोटल्यावर जागा बदलणं अवघड जाईल.