दोन नाणी उडवली. किमान एक छापा आहे हे कळल्यावर दोन्ही छापे असण्याची शक्यता १/२ का नाही, १/३ कशी?

सांगलीत विश्रामबागला मी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. तुम्ही अडलाय ती जागा खरंच अडण्यासारखी आहे, त्यामुळे सूत्र जरा बाजूला ठेवू.

मी टेबलावर एक रुपयाचं आणि एक पाचाचं नाणं घेतो. वेगवेगळी मुद्दाम. सारखी नाणी घेतली की मुलं छापा-काटा आणि काटा-छापा एकच धरतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. फळ्यावर रुपया आधी धरून चार जोड्या लिहितो: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. मग सांगतो, "किमान एक छापा आहे." डस्टरने काटा-काटा पुसायची. उरल्या तीन, त्यांत दोन्ही छापे असलेली एकच. म्हणून १/३.

आता वाक्य बदलू: "रुपयावर छापा आहे." काटा-छापाही गेली. दोनच उरल्या, उत्तर १/२. तुमच्या मनातलं १/२ या दुसऱ्या प्रश्नाचं आहे.

अट ऐकली की तिच्यात न बसणारं पुसायचं आणि जे उरलं ते छेदात घ्यायचं, हीच सशर्त संभाव्यता. आपण सांगलीकर हे दर पावसाळ्यात करतोच. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी तिथवर चढेल का याचा सकाळचा अंदाज कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की दुपारी बदलतो.

फाशांत खरी परीक्षा होते. एक लाल, एक पांढरा, एकूण ३६ जोड्या. बेरीज ८ आहे असं कळलं तर उरतात पाच: २-६, ३-५, ४-४, ५-३, ६-२. त्यांतल्या दोन जोड्यांत ३ आहे, म्हणजे २/५. आता उलटं विचारू: किमान एका फाशावर ३ आहे, तर बेरीज ८ असण्याची शक्यता किती? इथे उरतात ११ जोड्या (१२ नव्हे, ३-३ दोनदा मोजू नका), उत्तर २/११. अंशातल्या जोड्या त्याच दोन, छेद मात्र वेगळा. हुशार मुलांचेही गुण जातात ते इथेच, कारण काय विचारलंय आणि काय आधीच माहीत आहे याची अदलाबदल होते.

विश्वास बसत नसेल तर आज रात्री दोन नाणी शंभर वेळा उडवून वहीत लिहा. दोन्ही काटे आलेल्या ओळी खोडा. साधारण ७५ ओळी उरतील, आणि दोन्ही छाप्यांच्या त्यांत २५च्या आसपास सापडतील.