लिंबू-मोसंबीचं ड्रेसिंग घातलेलं गार फळांचं सॅलड: पाणी का सुटतं आणि कसं टाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात बोरिवलीच्या घरी पंधरा माणसं दुपारी जेवायला यायची आहेत. जेवणानंतर कस्टर्डवालं फ्रूट सॅलड नको, आंबट-गोड ड्रेसिंग घालून नुसती गार फळं द्यायची आहेत. पण करून पाहिलं तेव्हा तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी साचलं, केळी काळी पडली आणि ड्रेसिंगही कडवट लागलं. नेमकं काय आणि किती घ्यायचं, हेही तुम्ही विचारलंय.

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, पण अर्ध्याहून जास्त काम एका गोष्टीनं होतं: फळं आणि ड्रेसिंग दोन्ही वेगवेगळी गार करा आणि वाढताना एकत्र करा. मी उन्हाळाभर हे सॅलड करते आणि यात कधीच तडजोड करत नाही.

आधी पाण्याचं बघू. कलिंगडाची एक फोड ताटलीत घ्या, वर चिमूटभर मीठ भुरभुरवा आणि नुसती बघत राहा. पाचएक मिनिटांत फोडीवर पाण्याचे बारीक थेंब दिसायला लागतात, मग ते एकमेकांत मिसळून ओघळतात आणि थोड्याच वेळात ताटली ओली होते. मीठ आणि साखर दोन्ही फळाच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढतात. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की ती पाणचट होते, त्याचंही कारण हेच. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे सगळ्यात आधी तेच हात टेकतं. त्यावर मध, मीठ, लिंबू घालून सॅलड फ्रिजमध्ये ‘मुरायला’ ठेवायचं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. टणक फळांना ते चालून जातं. आपल्याकडच्या उन्हाळी फळांना अजिबात चालत नाही.

कडवटपणा बहुतेक मोसंबीमुळे आला असणार. मोसंबी सोलून खाताना कडू लागत नाही, पण रस काढून ठेवला की त्यातल्याच एका द्रव्याचं रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन तयार होतं आणि ते चांगलंच कडू असतं. ज्यूस सेंटरवर मोसंबी आपल्या समोर पिळून घ्यावी म्हणतात ते याचसाठी. बिया मिक्सरमध्ये फिरल्या किंवा सालीखालचा पांढरा भाग रसात आला तर कडूपणा आणखी वाढतो. म्हणून मोसंबी आडवी कापून हातानं किंवा काचेच्या पिळणीवर हलकेच पिळा, गाळून घ्या आणि तासाभराच्या आत वापरा. सकाळी नवाला काढलेला रस दुपारी दीडला वापरू नका. लिंबाचंही तसंच: शेवटचा थेंब काढायच्या नादात साल चिरडू नका. पिळण्याआधी लिंबू ओट्यावर तळहातानं दाबून फिरवलं की जोर न लावता रस निघतो.

केळं मी या सॅलडमध्ये घालतच नाही. कापलेल्या केळ्याला हवा लागली की त्यातली एन्झाइम्स कामाला लागतात आणि ते तपकिरी होतं. लिंबाच्या रसानं ते लांबतं, थांबत नाही, आणि तोवर केळं लिबलिबीत झालेलं असतं. कस्टर्डमध्ये त्याची जागा आहे, तिथे ते छान लागतं. सफरचंदालाही मेमध्ये सुट्टी द्या. शीतगृहातून आलेलं सफरचंद विकत घेण्यापेक्षा या दिवसांत आपल्याकडे जे ताजं मिळतं ते घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. मुंबईचा मे महिना फळांच्या बाबतीत इतका उदार असतो की बाहेर बघायची गरजच पडत नाही.

तुम्ही बोरिवलीत आहात, म्हणजे ताडगोळे तर हवेतच. वसई-विरारकडून येतात, स्टेशनबाहेर सकाळी मिळतात. सकाळीच आणा, कारण उन्हात बसले की त्यांचा ताजेपणा जातो. बोटानं दाबून बघा: लुसलुशीत हवा, आत पाणी हललेलं जाणवलं पाहिजे. कडक लागला तर तो निबर. सोलायला थोडा धीर लागतो. वरचं पिवळसर-तपकिरी साल तुरट असतं, ते नखानं एका टोकाला उचलून अलगद ओढलं की पापुद्र्यासारखं सुटून येतं, आणि आतून दुधी काचेसारखा गर निघतो. चार तुकडे करा, आतलं पाणी वाटीत धरा, ते ड्रेसिंगमध्ये जाईल. ताडगोळ्याला स्वतःची चव अगदी मंद असते, म्हणूनच आंबट ड्रेसिंग त्याच्यावर इतकं खुलतं.

दुसरं फळ पपई. लिंबू आणि पपई ही जोडी मला सगळ्यात आवडते, कारण पपईचा जो उग्र वास काहींना नकोसा होतो तो लिंबानं बराच दबतो. पिकलेली पण बोटाला टणक लागणारी घ्या. तिसरं कलिंगड. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरा नसून लोण्यासारखा पिवळा असेल तर ते वेलावर नीट पिकलेलं असतं, आणि आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. हवं तर थोडं खरबूज घ्या. सफेद जाम मिळाले तर नक्की घाला, त्यांचा कुरकुरीतपणा बाकीच्या मऊ फळांत फार छान लागतो. जांभळं यायला लागली असतील तर ती वेगळ्या वाटीत द्या. सॅलडमध्ये घातली की सगळं जांभळं होतं आणि ताडगोळ्याचा रंग बिघडतो.

आता आंबा. पाहुणे आले की हापूस घालायचा मोह होतोच. माझं स्पष्ट मत: पिकलेला हापूस यात घालू नका. तो मऊ असतो, ढवळताना त्याचा गर सगळ्या फोडींना माखतो आणि लिंबात त्याचा सुगंध हरवतो. हापूस चिरून वेगळा द्या, त्याचा मान त्याला मिळू दे. सॅलडसाठी तोतापुरी घ्या. ती घट्ट असते, किंचित आंबट असते, फोडीच्या कडा तशाच राहतात. भावही परवडतो.

ड्रेसिंगचं प्रमाण एक किलो साफ केलेल्या फळांसाठी असं: दोन कागदी लिंबांचा रस, एका मोठ्या मोसंबीचा रस, एक मोठा चमचा मध, अर्धा छोटा चमचा आल्याचा रस. आधी लिंबाच्या रसात मध घालून पूर्ण विरघळवा, मगच मोसंबीचा रस घाला. गार रसात मध थेट टाकला तर तळाशी गोळा होऊन बसतो. वरून एका लिंबाची साल बारीक किसणीवर हलकेच किसा, फक्त वरचा रंगीत थर, पांढरं दिसलं की तिथेच थांबायचं. या चिमूटभर किसानं जो वास येतो तो आणखी चार लिंबं पिळूनही येणार नाही, कारण लिंबाचा सुगंध सालीतल्या तेलात असतो. किसण्याआधी लिंबू कोमट पाण्यात चोळून धुवा.

हे ड्रेसिंग चाखल्यावर तुम्हाला जरा जास्तच आंबट वाटेल. वाटू दे. फळांचा गोडवा आणि पाणी मिसळलं की ते बरोबर जागेवर येतं. चाखताना ते गारच असायला हवं, कारण गार पदार्थात गोडी कमी जाणवते, आणि खोलीतल्या गरमीत बेतलेलं प्रमाण फ्रिजमधून काढल्यावर आंबट लागतं. तेव्हा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून चाखा आणि मग मधाचं ठरवा. ऑलिव्ह ऑइल घालावं असं काही कृतींत असतं. पालेभाज्यांच्या सॅलडला ते शोभतं, फळांना नको.

लिंबं उन्हाळ्यात महागतात. 2022च्या एप्रिलमध्ये तर मुंबईत एकेक लिंबू दहा रुपयांच्या वर गेलं होतं. तशी वेळ आली तर एका लिंबाच्या जागी कैरीचे अगदी बारीक तुकडे, दोन चमचे, फळांतच मिसळा. मध्येच दाताखाली आंबट लागतं, मुलांना फार आवडतं.

मसाला फळांवर घालायचा, ड्रेसिंगमध्ये नाही, आणि तोही सगळ्यात शेवटी: भाजून ताजी कुटलेली जिऱ्याची पूड, काळं मीठ, दोन-तीन वेळा फिरवलेली मिरी. स्टेशनबाहेरच्या फ्रूट प्लेटवर जो मसाला भुरभुरवतात त्याची आठवण यायला हवी, पण त्याच्या चौथा हिस्साच घाला, नाहीतर ताडगोळा कुठे गेला ते कळणार नाही. पाहुण्यांत कुणाचा उपवास असेल तर तयार चाट मसाला वापरू नका, त्यात हिंग असू शकतो. सैंधव आणि मिरी चालते, जिरं बहुतेक घरांत चालतं, तरी विचारून घ्या. आणि एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला हे चाखायलाही देऊ नका. मध त्या वयात सुरक्षित नसतो.

वेळेचं गणित सांगते, कारण मुंबईच्या दमटपणात तेच महत्त्वाचं आहे. आदल्या रात्री सगळी फळं अख्खी धुऊन, पुसून फ्रिजमध्ये ठेवा. कलिंगडाची सालसुद्धा चोळून धुवा. आपण साल खात नाही, पण सुरी सालीतूनच आत जाते आणि वरची घाण बरोबर घेऊन जाते. ताडगोळे मात्र त्याच सकाळचे. जेवणाच्या तासभर आधी फळं चिरा, फोडी मोठ्या ठेवा, सुपारीएवढ्या चिरल्या तर पाणी दुप्पट सुटतं. कलिंगडाच्या फोडी चाळणीत घालून खाली भांडं ठेवा आणि चाळणीसकट फ्रिजमध्ये सरकवा. पंधरा मिनिटांत जो रस खाली जमेल तो पिऊन टाका. बाकीची फळं कोरड्या स्टीलच्या डब्यात. ड्रेसिंग काचेच्या बाटलीत. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात यातलं काहीही ठेवू नका, आंबट पदार्थ धातूला लागतो आणि चव बिघडते.

मंडळी ताटावरून उठायला लागली की आधी पपई, तोतापुरी, जाम एकत्र करा, अर्ध्याहून जास्त ड्रेसिंग घाला, हातानं किंवा लाकडी डावानं खालून वर हलवा. मग कलिंगड, सगळ्यात शेवटी ताडगोळे, उरलेलं ड्रेसिंग आणि हातानं तोडलेली पुदिन्याची पानं. सुरीनं चिरलेला पुदिना लगेच काळवंडतो. मसाला भुरभुरवा आणि वाट्या भरा. भांडं टेबलावर ठेवून गप्पा मारत बसू नका. मेच्या उकाड्यात कापलेली फळं तासाभराहून जास्त बाहेर राहू नयेत.

आणि पंधरा माणसांचा हिशेब: जेवण झाल्यावर माणशी एक वाटी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम पुरतं, एकूण सव्वादोन किलो साफ फळ. त्यासाठी दोन किलोचं एक कलिंगड, किलोभर पपई, दोन तोतापुरी आणि डझनभर ताडगोळे आणा. जाम मिळाले तर पाव किलो, मग कलिंगड थोडं लहान घेतलं तरी चालेल. ड्रेसिंगला पाच लिंबं, दोन मोठ्या मोसंब्या, दोन मोठे चमचे मध आणि छोटा चमचाभर आल्याचा रस. एखादं लिंबू जास्तीचं आणून ठेवा, कागदी लिंबात कधी कधी रसच निघत नाही. उरलंच तर रात्रीपर्यंत ठेवू नका. संध्याकाळी मिक्सरमधून फिरवून, गाळून, बर्फ घालून सरबत करा.