प्रोग्रेसिव्ह रॉकमधील कोणत्या बेसवादकांची पुरेशी दखल घेतली गेली नाही?

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, यातील बेस (खालच्या स्वरांची गिटार) वाजवणाऱ्यांपैकी ख्रिस स्क्वायर, गेडी ली आणि टोनी लेव्हिन या नावाजलेल्या वादकांना वगळून नावे सांगावीत, असे आपण प्रश्नात म्हटले आहे. मी सर्वांत आधी जेंटल जायंट या ब्रिटिश बँडच्या रे शुलमन यांचे नाव घेईन.

‘येस’ या बँडमधल्या स्क्वायर यांच्या रिकनबॅकर बनावटीच्या बेसचा नाद इतका धारदार होता की तो बाकीच्या वाद्यांतून सहज वर येई, आणि बहुधा त्यामुळेच या संगीतात चांगला बेस म्हणजे ठळक ऐकू येणारा बेस अशी समजूत रुजली. शुलमन यांचे वादनही काही अस्पष्ट नव्हते. तरीही ते मागे राहिले, याचे कारण मला त्यांच्या बँडच्या रचनांमध्ये दिसते. जेंटल जायंटच्या संगीताचा कणा काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची गुंफण, हा होता. अशा रचनेत केवळ मूळ स्वर धरून ठेवून बेसवादकाचे भागत नाही. गिटार आणि कीबोर्ड यांनी अर्धवट सोडलेली सुरावट त्याला नेमक्या मात्रेवर उचलावी लागते, आणि तो किंचित जरी मागेपुढे झाला तरी सगळी वीण उसवते. शुलमन हे इतक्या सहजतेने करत की त्यातली अवघड बाजू श्रोत्याच्या लक्षातही येत नाही. ते व्हायोलिनही वाजवत, आणि बेसकडे स्वतंत्र सुरावट म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना तिथूनच मिळाली असावी, असा माझा तर्क आहे. १९७४चा ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ आणि १९७५चा ‘फ्री हँड’ हे अल्बम एकदा फक्त बेसकडे कान ठेवून ऐकावेत. शुलमन २०२३मध्ये निवर्तले.

दुसरे नाव फ्रान्समधील ‘माग्मा’ बँडच्या यानिक टॉप यांचे. बेसच्या तारा सहसा मध्यम-भावाने, म्हणजे शेजारच्या दोन तारांत सा ते म एवढे अंतर ठेवून, मिळवतात. टॉप मात्र चेलोप्रमाणे पंचम-भावाने, म्हणजे सा ते प एवढ्या अंतराने मिळवत, त्यामुळे सर्वांत खालची तार नेहमीपेक्षा बरीच खाली उतरे आणि नादाला एक भीतिदायक खोली येई. १९७६च्या ‘उडू वुडू’ या अल्बममधील ‘दे फुतुरा’ ही त्यांची प्रदीर्घ रचना जवळजवळ पूर्णपणे बेसच्या बळावर उभी आहे. ती पहिल्याच ऐकण्यात आवडेल, याची हमी मी देणार नाही.

‘ब्रँड एक्स’ या बँडचे पर्सी जोन्स यांना जॅझ-रॉकचे श्रोते ओळखतात, पण प्रोग्रेसिव्हच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचित होतो. पडदे नसलेल्या, म्हणजे फ्रेटलेस बेसवर ते मींडेसारखे स्वर ओढतात आणि मध्येच हार्मोनिक्स, म्हणजे तारेला हलका स्पर्श करून काढलेले उंच स्वर, पेरतात. ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांच्या १९७५च्या ‘अनदर ग्रीन वर्ल्ड’ या अल्बममध्येही त्यांचा बेस आहे. ‘जेनेसिस’ बँडच्या माइक रदरफोर्ड यांची उपेक्षा वेगळ्या कारणाने झाली: ते बारा तारांची गिटार वाजवतानाच बेसचे स्वर काढणारी पेडल पायाने दाबत, त्यामुळे त्यांना निव्वळ बेसवादक म्हणून कोणी मोजलेच नाही. ‘कॅरव्हॅन’ बँडचे रिचर्ड सिंक्लेअर यांचेही काहीसे तसेच झाले, कारण १९७१च्या ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ या अल्बममध्ये लोकांच्या लक्षात राहतो तो त्यांचा गाता आवाज.

जॉन वेटन यांना मी मुद्दामच घेतलेले नाही, कारण ते ज्यात बेस वाजवतात तो किंग क्रिमसन बँडचा ‘रेड’ हा अल्बम ऐकलेल्या श्रोत्याला त्यांची शिफारस करण्याची गरज उरत नाही.